पाळीची गोळी आणि गालावरचा वांग

बेळगावातल्या शहापूरच्या आमच्या मेडिकलात गेल्या श्रावणात नंदगडच्या एक वहिनी आल्या. हातात कोल्हापूरच्या स्किनच्या डॉक्टरांची चिठ्ठी. दोन्ही गालांवर वांग होता. दुसऱ्या बाळंतपणात उठलेला, पुढं दर वर्षी काजूच्या दिवसांत उन्हानं गडद होत गेलेला. चिठ्ठीवर तीन गोष्टी होत्या: रात्री लावायचं क्रीम, दिवसा लावायचं सनस्क्रीन आणि ट्रॅनेक्झॅमिक ॲसिडच्या गोळ्या, दिवसाला दोन, दोन महिने. सनस्क्रीनची किंमत ऐकून वहिनींनी ते काउंटरवरच सोडलं. बाकीचं घेऊन गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी फोन. "अण्णा, गोळी बदलून दिलात काय हो? पोरगी मोबाइलात बघून म्हणालीय, ही पाळीत जास्त अंगावर गेलं तर देतात म्हणे. माझी पाळी बरोबर आहे की!"

गोळी बदलली नव्हती. डॉक्टरांची चिठ्ठीही चुकली नव्हती. मोबाइल बघणारी मुलगीसुद्धा बरोबरच होती. तिघंही बरोबर असताना घोटाळा कसा झाला, ते सांगायला मला त्या दिवशी दहा मिनिटं लागली. काउंटरवर गर्दी होती, म्हणून बरंच राहून गेलं. ते राहिलेलं इथं लिहितो.

अशा वापराला 'ऑफ-लेबल' म्हणतात, म्हणजे लेबलबाहेरचा. आधी 'लेबल' म्हणजे काय ते बघू. आपण लेबल म्हणतो ते बाटलीवरचं कागदी चिकटवण. इथं लेबल म्हणजे औषधाच्या परवान्याची चौकट. कुठलंही नवं औषध बाजारात येण्याआधी दिल्लीतली केंद्रीय औषध मानक नियंत्रण संघटना कंपनीला विचारते, हे कोणत्या आजारासाठी? कोणत्या वयाच्या माणसाला? किती मात्रेत? तोंडानं, सुईनं की कातडीवर लावून? किती दिवस? कंपनी चाचण्या करते, कागद देते, आणि जेवढं सिद्ध झालं तेवढ्यापुरता परवाना मिळतो. डॉक्टरांनी यातली एक जरी गोष्ट बदलून औषध दिलं तरी तो ऑफ-लेबल वापर. लोकांना वाटतं आजार बदलला तरच ऑफ-लेबल. तसं नाही. चार आठवड्यांचं क्रीम चार महिने लावलं तरी आपण लेबलच्या बाहेर गेलो.

आमच्याकडच्या लोकांना मी ट्रॅक्टरचं उदाहरण देतो. ट्रॉली आहे ऊस आणि खत वाहायला. पण सौंदत्तीच्या यल्लम्माची जत्रा आली की त्याच ट्रॉलीत गवत अंथरून अख्खी भावकी बसते. म्हाताऱ्या, पोरं, भांडी, सगळं. ट्रॉली जाते आणि येते. बहुतेक वेळा काही होत नाही. पण बनवणाऱ्यानं तिची परीक्षा माणसं बसवून घेतलेली नाही, हे खरंच. ती जत्रेला सुखरूप पोचेल की नाही हे आता चालवणाऱ्याच्या हातावर, रस्त्यावर आणि किती जण कोंबलेत त्यावर. उपमा एका जागी लंगडी पडते, कारण माणसं भरलेली ट्रॉली पोलीस अडवू शकतात. डॉक्टरांनी औषध लेबलबाहेर लिहिलं तर तेवढ्यानं गुन्हा होत नाही. तसं लिहू नये असं सरसकट सांगणारं कलम आपल्याकडे नाही.

मग कंपनी वांगाचा परवाना घेऊन का टाकत नाही? पैसा. ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड जुनं औषध आहे, कितीतरी कंपन्या बनवतात, गोळी स्वस्त. एका कंपनीनं कोट्यवधी घालून वांगावर मोठी चाचणी केली तर फायदा सगळ्यांनाच मिळणार. मग कोण करेल? म्हणून औषध काम करतं हे डॉक्टरांना माहीत असतं, त्यावर अभ्यासही छापलेले असतात, पण परवान्यावरची ओळ तशीच राहते: रक्तस्राव थांबवण्यासाठी.

या गोळीनं वांग कमी होतो हे १९७९ मध्ये जपानमध्ये पहिल्यांदा नोंदलं गेलं. रक्ताची गुठळी विरघळवणारं प्लाझमिन नावाचं द्रव्य शरीरात असतं. ही गोळी ते अडवते, म्हणून रक्त थांबतं. उन्हानं चिडलेल्या कातडीत हेच द्रव्य रंगपेशींना जास्त रंग तयार करायला उचकवतं असं मानतात. ते अडलं की रंगही मंदावतो. पाळीच्या त्रासासाठी अमेरिकेच्या लेबलवर या गोळीची मात्रा दिवसाला जवळजवळ चार ग्रॅम आहे, पण फार तर पाच दिवस. वांगासाठी डॉक्टर साधारण अर्धा ग्रॅम देतात, पण दोन-तीन महिने. मात्रा कमी, मुदत लांब. मुदतीचा हा भाग लेबलवर कुणी तपासलेला नाही. गुठळी विरघळू न देणारं औषध महिनोन्महिने घ्यायचं, तर ज्यांना गुठळीचा धोका आधीच आहे त्यांना ते नको. कुणाच्या पायात पूर्वी गुठळी झालेली, कुणाच्या आईला झालेली, कुणी गर्भनिरोधक गोळ्या घेणारी. आणि आमच्याकडं भाद्रपदात हमखास येणारी एक गोष्ट: गौरी-गणपतीला पाळी येऊ नये म्हणून घेतलेल्या गोळ्या. त्याही संप्रेरकाच्याच. त्या कुणी डॉक्टरांना सांगत नाही, कारण ते 'औषध' वाटतच नाही.

वहिनींना मी फोनवर हेच विचारलं. थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "आईच्या पायाला झालंतं तसलं काहीतरी. धाकट्याच्या बाळंतपणात. पाय खांबासारखा सुजलेला." मी म्हटलं, गोळी आज घेऊ नका, डॉक्टरांना फोन लावा.

सौंदर्याच्या औषधांत ऑफ-लेबल हा अपवाद नाही, जवळजवळ वहिवाट आहे. अर्धी दुकानं चालतात तीच एका आजाराच्या औषधाचा दुसरा गुण सापडल्यावर. बोटॉक्सचं बघा. बॉट्युलिनम टॉक्सिन हे एका जिवाणूचं विष. नासलेल्या डबाबंद अन्नातून पोटात गेलं तर माणसाचे स्नायू लुळे पाडतं. चेतातंतू स्नायूला 'आकस' म्हणून जो रासायनिक निरोप धाडतो, तो हे विष वाटेतच अडवतं. अगदी थोडं, नेमक्या स्नायूत टोचलं तर तेवढाच स्नायू तीन-चार महिने सैल पडतो. अमेरिकेत १९८९ मध्ये याला परवाना मिळाला तो तिरळ्या डोळ्यांसाठी आणि आपोआप गच्च मिटणाऱ्या पापण्यांसाठी. त्याच्या दोन वर्षं आधी कॅनडातल्या व्हँकुव्हरला डोळ्यांच्या डॉक्टर जीन कॅरुथर्स यांच्या लक्षात आलं की, पापण्यांसाठी सुई घेणाऱ्यांच्या भुवयांमधल्या आठ्याही नाहीशा होतायत. त्यांचे पती ॲलिस्टर कॅरुथर्स त्वचारोगतज्ज्ञ. दोघांनी मिळून आठ्यांवर काम केलं, १९९२ मध्ये निबंध छापला. अमेरिकेतला परवाना मात्र २००२ मध्ये आला, तोही फक्त भुवयांमधल्या आठ्यांसाठी. मधली दहा वर्षं तिथं ज्या ज्या कपाळावर ही सुई टोचली गेली, ती लेबलबाहेरच. पुढं डोळ्यांच्या कडेच्या सुरकुत्या २०१३ ला लेबलवर आल्या, कपाळावरच्या आडव्या रेषा २०१७ ला, मानेवरचे उभे पट्टे २०२४ ला. जबड्याचा स्नायू बारीक करून चेहरा निमुळता करायचं काम तोवरच्या त्या यादीत नव्हतंच, पण ते चालू होतं.

म्हणजे 'ऑफ-लेबल' हा शब्द तारखेला बांधलेला आहे. देशालाही. कर्नाटक-महाराष्ट्र सीमेवरचा कोगनोळीचा नाका ओलांडला की पाट्यांची लिपी बदलते, माती तीच राहते. तसंच ड्युटास्टेराइडचं. पुरुषांच्या केसगळतीसाठी दक्षिण कोरियात २००९ ला आणि जपानमध्ये २०१५ ला परवाना मिळाला, अमेरिकेत मात्र ते प्रोस्टेटचंच औषध राहिलं. टोकियोतल्या माणसाला तीच गोळी लेबलवर, न्यूयॉर्कमधल्याला लेबलबाहेर. म्हणून 'अमेरिकेत मान्यता आहे' असं कुणी दुकानात किंवा क्लिनिकमध्ये सांगितलं की मी विचारतो, कशासाठी मान्यता आहे? आणि भारतात?

केसांच्या बाबतीत तर बहुतेक शोध असे आडवाटेनंच लागलेत. मिनॉक्सिडिल ही १९७९ ची रक्तदाबाची गोळी. ती घेणाऱ्यांच्या अंगावर केस वाढायला लागले, म्हणून १९८८ मध्ये डोक्याला लावायचं पाणी आलं. आता डॉक्टर पुन्हा गोळीकडं वळलेत. रक्तदाबाला दिवसाला १० ते ४० मिलिग्रॅम लागायची, केसांसाठी ५ किंवा त्याहून कमी. बऱ्याच जणांना चालते, पण काहींच्या पायांवर सूज येते, छाती धडधडते, बायकांना गालावर लव येते. हृदयाचा किंवा किडनीचा त्रास असलेल्यानं शेजाऱ्याचं बघून ही घेऊ नये. काचबिंदूच्या बायमॅटोप्रॉस्ट थेंबांनी पापण्यांचे केस लांब होतात हे असंच कळलं, आणि २००८ मध्ये त्याला पापण्यांचा वेगळा परवाना मिळाला.

फिनास्टेराइडवर जरा थांबतो, कारण हा प्रकार माझ्या काउंटरवर रोज घडतो. प्रोस्टेटसाठी ५ मिलिग्रॅमची गोळी १९९२ ला आली, टकलासाठी १ मिलिग्रॅमची १९९७ ला. मोठी गोळी परवडते म्हणून पोरं ती ब्लेडनं चार तुकडे करून घेतात. निपाणीचा एक पोरगा तर ब्लेड मागायला माझ्याकडंच आला होता. अख्ख्या गोळीवर आवरण असतं, तुकडा केला की भुकटी उघडी पडते. घरात बायको गरोदर असेल आणि तिनं ती भुकटी हाताळली, तर पोटातल्या मुलग्याच्या जननेंद्रियांच्या वाढीत दोष येऊ शकतो. हे लेबलवर लिहिलेलं आहे. पण तुकडे करणारा लेबल वाचत नाही आणि बायकोला गोळी कशाची आहे हेच सांगत नाही.

इतकं वाचून कुणाला वाटेल की आजचं ऑफ-लेबल म्हणजे उद्याचं लेबल, फक्त सरकारी कागद उशिरा येतो. मला हा युक्तिवाद कंपन्यांच्या प्रतिनिधींकडून बऱ्याचदा ऐकायला मिळालाय. त्याला उत्तर म्हणून मी फेन-फेनची गोष्ट सांगतो. फेनफ्लुरामिन आणि फेंटरमिन या भूक मारणाऱ्या दोन गोळ्या. प्रत्येकीला वेगळा परवाना होता, पण दोन्ही एकत्र घ्यायला नव्हता. एकत्र घेतल्या की वजन झपाट्यानं उतरतं असं दिसलं आणि १९९० च्या दशकात अमेरिकेत त्यांची लाट आली. मग हृदयाच्या झडपा खराब झालेले रुग्ण दिसायला लागले. १९९७ मध्ये फेनफ्लुरामिन बाजारातून काढावं लागलं. (गंमत अशी की, २०२० मध्ये ते लहान मुलांच्या एका दुर्मीळ फेफऱ्याच्या आजारासाठी परत आलं, तेही लेबलवर.) आता मधुमेहाच्या आणि लठ्ठपणाच्या इंजेक्शनांची लाट आहे. सेमाग्लुटाइडला अमेरिकेत २०१७ ला मधुमेहासाठी परवाना मिळाला, २०२१ ला लठ्ठपणासाठी. पण मंगळसूत्र गळ्यात पडण्याआधी चार किलो उतरवायचेत म्हणून ते मागणारी सडपातळ मुलगी या दोन्हींत बसत नाही.

माझ्या मते लोकांचा खरा गोंधळ असा की, ते तीन वेगळ्या गोष्टींना एकच नाव देतात. एक, परवाना असलेलं औषध जाणत्या डॉक्टरांनी विचार करून लेबलबाहेर देणं. दोन, ज्याला त्या कामाचा परवानाही नाही आणि मागं पुरावाही नाही ते. तीन, लेबलही नाही आणि डॉक्टरही नाही, नुसता बेकायदा किंवा अडाणी वापर. पहिलीवर वाद घालता येतो. उरलेल्या दोन्हींना 'ऑफ-लेबल' म्हणणं म्हणजे त्यांना सोज्वळ कपडे घालणं.

तिसरीचं सगळ्यात मोठं उदाहरण आमच्याच धंद्यातलं, आणि हे लिहिताना मान खाली जाते. गोरं व्हायची ट्यूब. बेळगाव, खानापूर, चिकोडी, गडहिंग्लज, कुठल्याही बाजारपेठेत जा, कुणीतरी मेडिकलात येऊन ट्यूबचं नाव घेऊन मागतो आणि ती मिळते. आत असतं स्टेरॉइड, बऱ्याचदा हायड्रोक्विनोन आणि ट्रेटिनॉइनबरोबर. हे मिश्रण वांगासाठी थोडे आठवडे, डॉक्टरांच्या देखरेखीखाली द्यायचं असतं. स्टेरॉइडची दुसरी क्रीमं इसबासारख्या सुजलेल्या, खाजऱ्या कातडीसाठी, थोडे दिवस. पण सुरुवातीला चेहरा उजळतो, शेजारीण विचारते, तिलाही एक ट्यूब जाते. काही महिन्यांनी कातडी पातळ होते, बारीक लाल शिरा दिसायला लागतात, पुटकुळ्या आणि केस येतात. ट्यूब बंद केली की चेहरा भाजल्यासारखा लाल होतो, म्हणून ती बंदच करता येत नाही. याला भारतातल्या त्वचारोगतज्ज्ञांनी वेगळं नाव दिलंय: टॉपिकल स्टेरॉइड डॅमेज्ड फेस. त्यांच्या संघटनेनं यासाठी कृतिदल काढलं, पाठपुरावा केला, आणि २०१८ मध्ये केंद्र सरकारनं अशा १४ स्टेरॉइड मलमांना शेड्यूल एच मध्ये टाकलं. म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायचं नाही. कागदावर. चिठ्ठी मागितली की गिऱ्हाईक म्हणतं, "पलीकडच्या दुकानात देतात की ओ!" आणि खरंच देतात.

दुसऱ्या प्रकारात मी ग्लुटाथिओनची सलाइन ठेवतो. लग्नसराईत, तुळशीचं लग्न झालं की चौकशी सुरू होते: "किती बाटल्यांत गोरं होतंय?" हे द्रव्य आपल्या पेशींत असतंच. त्याच्या इंजेक्शनचा भारतातला परवाना यकृताच्या आजारांसाठी आहे. गोरेपणासाठी नाही. फिलिपिन्सच्या औषध प्रशासनानं तर गोरं होण्यासाठी शिरेतून हे घेऊ नका असं लोकांना जाहीर बजावलंय, कातडीच्या गंभीर प्रतिक्रिया आणि किडनी-थायरॉइडवरचे परिणाम सांगून. कुणी म्हणेल, परवाना आहे ना, मग हेही ऑफ-लेबलच. शब्दाच्या हिशेबानं असेल. पण ट्रॅनेक्झॅमिकच्या मागं वर्षानुवर्षांचे अभ्यास आहेत, इथं आशेपलीकडं फारसं काही नाही. दोघांना एका रांगेत बसवायला माझं मन घेत नाही.

फिलरचा विषय मोठा आहे, आमच्याकडं अजून थोड्यांचा. पण एक गोष्ट सांगण्यासारखी. ओठ, गाल भरायला हायल्युरॉनिक ॲसिडचं जेल टोचतात. अमेरिकेत अशा जेलला पहिला परवाना २००३ च्या डिसेंबरात मिळाला, नाकापासून ओठांच्या कोपऱ्याकडं जाणाऱ्या घडीसाठी. नाकाचं हाड सरळ दिसावं म्हणून नाकात टोचणं हे त्या परवान्यात नव्हतं. नाकाच्या आणि भुवयांमधल्या रक्तवाहिन्या डोळ्याच्या रक्तवाहिन्यांना जोडलेल्या असतात. जेल चुकून वाहिनीत गेलं तर कातडी मरू शकते, क्वचित डोळा कायमचा जातो. हे जेल विरघळवणारं हायल्युरोनिडेज नावाचं इंजेक्शन आहे. त्याचा मूळ परवाना दुसरं औषध किंवा द्रव शरीरात लवकर पसरावं यासाठी आहे. फिलर विरघळवणं हा त्याचा ऑफ-लेबल उपयोग! म्हणजे ऑफ-लेबल उपचारानं अडचण आणली तर सोडवणारं औषधही ऑफ-लेबलच. तरीही ते क्लिनिकच्या कपाटात नसेल तर मी तिथं फिलर घेणार नाही. सुईशिवाय दाबानं फिलर आत सोडणारी पेनं ऑनलाइन मिळतात. ती वापरू नका असं अमेरिकेच्या एफडीएनं २०२१ मध्ये स्पष्ट सांगितलंय.

यंत्रांचंही लेबल असतं, हे बहुतेकांना ठाऊकच नसतं. आपल्याकडे २०१७ चे वैद्यकीय उपकरण नियम आहेत. धोक्याप्रमाणे यंत्रांचे अ, ब, क, ड असे वर्ग पाडलेत, आणि जास्त धोक्याच्या क आणि ड वर्गांना २०२३ च्या ऑक्टोबरपासून परवाना सक्तीचा झाला. लेसरच्या लेबलवर कुठल्या कामाला, कुठल्या कातडीवर हे असतं. कातडीचे सहा प्रकार मोजायची पट्टी फिट्झपॅट्रिक या अमेरिकी डॉक्टरांनी १९७५ मध्ये सुरू केली, गडद कातडीचे प्रकार तिच्यात पुढं जोडले गेले. आपल्यातले बरेच जण त्यात चौथ्या-पाचव्या प्रकारात बसतात. गोऱ्या कातडीवर ठरवलेली ताकद आपल्यावर तशीच लावली, तर लेसर केसाचा किंवा शाईचा रंग सोडून कातडीचाच रंग खातो. मग भाजल्याचे डाग, किंवा वांगावर वारंवार लेसर मारल्यावर उठणारे पांढरे ठिपके.

बेळगावात हा प्रश्न आणखी एका दारानं येतो. इथं मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र आहे, आणि भरतीची तयारी करणारी पोरं गावोगावी पहाटे धावत असतात. त्यांतल्या कुणी कॉलेजात हातावर कुणाचं तरी नाव गोंदवून घेतलेलं असतं. भरतीच्या आधी पंधरा दिवस ते काढायची घाई. गोंदण काढणं हे लेसरचं लेबलवरचंच काम, पण त्याला एकेक सत्र, मध्ये काही आठवड्यांची विश्रांती आणि बरेच महिने लागतात. पंधरा दिवसांत उरकून देतो म्हणणाऱ्या पार्लरवाल्याकडं यंत्र तेच असेल, पण ते वापरणारा डॉक्टर नसतो. गोंदण जातं, फोड येऊन व्रण राहतो.

कायद्याचं थोडक्यात. डॉक्टरांना ऑफ-लेबल लिहायला मोकळीक आहे, कंपनीला मात्र तशी जाहिरात करायला नाही. औषधाचा प्रचार परवान्याला धरूनच हवा असं मार्च २०२४ च्या औषधविक्री आचारसंहितेत आहे. सरकारला वाटलं तर ते औषधाच्या एखाद्या वापरावरच बंदी घालू शकतं. लेट्रोझोल हे रजोनिवृत्तीनंतरच्या स्तनाच्या कर्करोगाचं औषध. वंध्यत्वासाठी डॉक्टर ते देत होते. २०११ मध्ये त्या वापरावर बंदी आली आणि २०१७ मध्ये उठली. सौंदर्योपचार कुणी करावेत यावर राष्ट्रीय वैद्यक आयोगानं २०२२ मध्ये सांगितलं की, कार्यशाळेत किंवा यूट्यूबवर बघून शिकणं पुरेसं नाही. कर्नाटकात खासगी वैद्यकीय आस्थापना कायदा २००७ चा आहे. क्लिनिकनं नोंदणीचं प्रमाणपत्र दिसेल असं लावायला हवं. आत शिरल्यावर भिंतीवर ते शोधायला दोन मिनिटं लागतात.

संमतीचं मात्र जरा लांबवतो. समीरा कोहली खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं २००८ मध्ये म्हटलं की, तपासणीसाठी दिलेली संमती ही उपचाराची संमती होत नाही. उपचार काय, कशासाठी, दुसरे पर्याय कोणते, धोके कोणते, हे रुग्णाला कळेल एवढं सांगायला हवं. त्या खटल्याचा ऑफ-लेबलशी संबंध नव्हता, पण 'कळेल एवढं' यात सगळं येतं. आता सीमाभागात बघा. वहिनींचं शिक्षण मराठीत, सही करायचा कागद इंग्रजीत, बंगळूरहून छापून आला असेल तर इंग्रजी आणि कन्नडमध्ये, डॉक्टर बोलतात कधी मराठी, कधी हिंदी. तिघं-चौघं चार भाषांत बोलून शेवटी सही मात्र होतेच! मी हे कुणावर राग म्हणून लिहीत नाही. माझ्या वडिलांच्या मोतीबिंदूच्या वेळी मीही न वाचताच सही केली होती, आणि मी फार्मसिस्ट.

म्हणून त्या दिवशी वहिनींना मी तीन प्रश्न मराठीत कागदावर लिहून व्हॉट्सॲप केले, डॉक्टरांना जसेच्या तसे वाचून दाखवायला. ही गोळी वांगासाठी परवान्यात आहे काय, नसेल तर तुम्ही का देताय? माझ्या आईला गुठळी झालेली, तरी चालेल काय? ही नको म्हटलं तर दुसरं काय आहे? डॉक्टर चिडतील अशी त्यांना भीती होती. मला नव्हती. चांगल्या डॉक्टरांना हे प्रश्न आवडतात, कारण त्यांनी स्वतःशी ते आधीच विचारलेले असतात.

आणि औषधानं त्रास झालाच तर? भारतात २०१० पासून औषध सुरक्षा देखरेख कार्यक्रम आहे, त्याचा मोफत नंबर १८००-१८०-३०२४. रुग्ण स्वतः कळवू शकतो, औषध ऑफ-लेबल होतं की ऑन-लेबल याचा प्रश्न नाही. रुग्णांसाठीचा फॉर्म मराठीत मिळतो, कन्नडमध्येही. पाटीवरून भांडणाऱ्या या मुलखात निदान हा कागद तरी दोन्ही भाषांत बिनतक्रार निघालाय. यंत्रानं त्रास झाला तर त्यासाठीही २०१५ पासून वेगळी व्यवस्था आहे. आमच्या भागातून असे फॉर्म फार कमी जात असावेत. माझ्या काउंटरवरून तरी गेल्या वर्षी एकच गेला.

आठ दिवसांनी वहिनी पुन्हा आल्या. डॉक्टर चिडले नव्हते. उलट, आईची गोष्ट पहिल्याच दिवशी का सांगितली नाही म्हणून तेच हळहळले होते. त्यांनी गोळी काढून टाकली, क्रीम ठेवलं आणि बजावलं की वांगाचं निम्मं औषध म्हणजे ऊन टाळणं. वहिनींनी न उघडलेली स्ट्रिप माझ्यासमोर ठेवली. मग मागच्या वेळी सोडलेल्या सनस्क्रीनकडं बोट दाखवलं. मी किंमत सांगितली, साडेसहाशे.

"गोळीच परवडालीती की ओ, अण्णा!" म्हणाल्या, आणि पिशवीतून पैसे काढले.